हिलरीचं खडप

हिलरीने उभा जन्म समुद्रावर काढला, पण समुद्राच्या पोटात काय असतं ते त्याने साठी झाल्यावर पाहिलं, आणि तेही मालवणला जाऊन, तिकीट काढून. थोरल्या मुलीने, प्रिन्सीने, त्याला हौसेने स्कुबाला नेलं होतं. तोंडात नळी, कंबरेला शिसं आणि मानगूट धरायला गाईड. खाली कपारीतून भलंमोठं हेकरू, खडकात राहणारा मासा, बाहेर आलं आणि हिलरीसमोर थांबून त्याला न्याहाळू लागलं. तसली हेकरं त्याने गळाने शेकड्यांनी वर ओढली होती. आपल्या घरी निवांत असलेलं हेकरू मात्र तो पहिल्यांदाच पाहत होता.

वसईला, पाचूबंदरच्या कोळीवाड्यात परतला तो बिघडूनच. जाळं शिवताना मोबाईलवर तारकर्ली, नेत्राणी, अंदमान. कुठल्या खडकावर काय दिसतं हे तो मासळी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. बायको रोझलिन वैतागली. वसईच्या गढूळ पाण्यात बुडी मारली तर स्वतःचा हात दिसत नाही, मग हे कौतुक कशाला, असं तिचं म्हणणं. तिचं काही चुकत नव्हतं.

हिलरीला खरा घोर लागला होता तो स्वतःच्या खडपाचा. खडप म्हणजे समुद्रातला खडकाळ पट्टा, जिथे मासे राहतात, अंडी घालतात. त्याला ते बापाकडून मिळालं होतं आणि दर वर्षी तिथली मासळी घटत होती. असंच ओरबाडत राहिलो तर एक दिवस तिथे नुसते दगड उरतील, हे त्याला मालवणात कळलं. पण एकट्याने सोडून उपयोग नव्हता. उद्या दुसऱ्या कुणाला ते सापडलं तर तो कशाला सोडेल?

अडचण अशी की पाचूबंदरात कुणी आपलं खडप सांगत नाही. बाप मुलाला सांगतो, तेही मरायला टेकल्यावर. दुसरी होडी जवळ आली की जीपीएसवर टॉवेल पडतो. कुणी विचारलंच तर उत्तर आदबीने द्यायचं आणि खोटं द्यायचं. यात कुणाला पाप वाटत नाही, कन्फेशनमध्येही हे कुणी सांगत नाही.

तरी हिलरीने रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मच्छीमार सोसायटीत सभा बोलावली. प्रत्येकाने आपलं खडप नकाशावर दाखवावं आणि वर्षभर तिथे कुणीही गळ-जाळं टाकू नये, असं त्याने मांडलं. सगळ्यांना लगेच पटलं. तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

स्टॅनीने दाखवलं तिथे नुसता चिखल. जॅक्सनने बोट ठेवलं तिथे ओहोटीला पोरं क्रिकेट खेळतात. हिलरीचा जिवलग दोस्त सायमन, त्याने तर मोठ्या जहाजांची वाटच दाखवली. चेअरमन आल्बर्ट गंभीर चेहऱ्याने लाल गोल काढत होता. शेवटी हिलरी उठला. त्याने बोट ठेवलं ते अगदी खऱ्या जागी.

सभागृहात हशा पिकला. सगळ्यात सफाईने थाप मारली ती हिलरीनेच, असं सर्वांचं मत पडलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

सोमवारी हिलरी धक्क्यावर जीव मुठीत धरून बसला. होड्या त्याच्या खडपाकडे वळल्या असत्या, तर आठवड्यात ते साफ झालं असतं. पण ज्याने त्याने होडी हिलरीच्या बोटाच्या बरोब्बर उलट दिशेला हाकली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तिकडे कुणी फिरकलंच नाही. हिलरी आधी सुखावला आणि मग हळूहळू त्याला राग येऊ लागला.

शनिवारी सायमन घरी आला आणि हळूच म्हणाला, “हिलरी, मना तरी खरं सांग.”

हिलरीने पुन्हा तीच जागा सांगितली. सायमनने चहा अर्धा ठेवला. लहानपणापासूनची दोस्ती आणि ही किंमत, असं पुटपुटत तो निघून गेला.

हिलरीच्या डोळ्यांत पाणी आलं. खडप वाचलं याचा आनंद होता, पण जन्मात एकदा खरं बोललो आणि गावात एकानेही मानलं नाही, हे त्याला फार लागलं. रोझलिनला त्याची दया आली. ती शेजारी बसली. “गाव गेलं उडत,” ती म्हणाली, “माझा हाय ना इश्वास.”

हिलरीचा चेहरा उजळला. उद्या मिस्सानंतर माझ्याबरोबर होडीतून चल, तुला खडप दाखवतो, असं तो म्हणाला.

“येते ना,” रोझलिन म्हणाली. मग आवाज उतरवून तिने विचारलं, “पन आता मना तरी सांग, खरं हाय कुठं ते?”