बर्फाच्या कप्प्यातलं औषध

मी एक अर्धं वापरलेलं पेन आहे. लिहिण्याचं नव्हे, मित्रांनो. पोटाच्या त्वचेखाली औषध टोचण्याचं.

माझ्यातलं औषध म्हणजे पेप्टाइड, प्रथिनाची छोटी साखळी. तुमच्या शरीरातही तशीच एक साखळी असते. जेवण झालं की ती साखरेला आवर घालायला निघते. पण रक्तातले विकर, म्हणजे एन्झाइम, कात्रीसारखे तिच्यावर तुटून पडतात आणि काही मिनिटांत तिचा निकाल लावतात. मला घडवणाऱ्यांनी यावर तोड काढली. त्यांनी आम्हांला, म्हणजे पेनातल्या प्रत्येक साखळीला, चरबीची शेपटी जोडली. शेपट्यांना पाण्याचं वावडं, म्हणून आम्ही आपणहून जवळ येतो आणि शेपट्या आत दडवून घोळका करतो. घोळक्यात कात्रीला शिरता येत नाही. त्वचेखालून आम्ही सावकाश सुटतो आणि दिवसभर टिकतो.

एवढा चिवट मी, पण गोठलो की माझी घडीच विस्कटते. मग माझा भरवसा नाही.

मानकोली गावच्या औषधांच्या गोदामातल्या थंड खोलीत काही दिवस काढून मी कामतघरला लडकूंच्या घरी आलो. लडकू कापड विणणाऱ्या लूमवर दिवसभर उभं राहून काम करणारे. पायाच्या अंगठ्याची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती. "साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्यासारखी पेनं सुरू झाल्यावर जखम सुकू लागली. त्यांची बायको ठकुबाई मला फ्रिजमध्ये ठेवताना हात पुसून घ्यायची.

काल सकाळी लाइट गेली. उकाड्यात औषध नासेल या भीतीनं ठकुबाईनं मला वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. दुपारी लाइट आली, पण ठकुबाई धुण्याच्या कपड्यांच्या गाठोड्यात गुंतली आणि मला विसरली. मी गोठलो. आठवण झाली तेव्हा तिनं मला बाहेर काढून पदरात धरलं. हळूहळू मी वितळलो. पाण्यासारखा नितळ, पहिल्यासारखाच दिसलो.

तिच्या मनात मात्र धाकधूक होती. नवं पेन मिळायला मागच्या वेळी चार दिवस लागले होते. कुणाला न सांगता तिनं मला परत खालच्या कप्प्यात ठेवलं.

संध्याकाळी लडकू आले. हातपाय धुऊन बसले, सुई लावली, सदरा वर केला. मी ओरडू शकत नव्हतो. सुई त्वचेला टेकणार, एवढ्यात ठकुबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"नका टोचू! बर्फात गोठलं व्हतं ते."

"कवा?"

"दुपारी. माझ्या हातून झालं. सांगायची हिंमत न्हाय झाली."

लडकूंनी सदरा खाली केला. मग सुई काढून ठेवत म्हणाले, "आता सांगितलंस ना? बस खाली."

सून भावना मानकोलीच्या त्याच गोदामात कामाला. ती ड्युटीवरून आली आणि सगळं ऐकून तिनं आधी डॉक्टरांना फोन लावला. "गोठलेलं वापरायचं नाही," ते म्हणाले. चप्पलही न काढता ती रिक्षानं शहरात गेली. दोन दुकानांत नकार मिळाला, तिसऱ्यात एकच पेन होतं. ते घेऊन परतल्यावर ती सासूजवळ बसली.

"आई, थोडा वेळ लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, एवढंच. आणि हे बर्फाला कधी टेकवायचं नाही."

"मला वाटलं, जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं," ठकुबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

नव्या पेननं वेळेवर काम केलं. मला आज दवाखान्यात परत देणार आहेत. तिथे मला नष्ट करतील. वाईट वाटतं, पण चूक वेळेत कळली याचं समाधान आहे.

मित्रांनो, औषध जपा, पण जपताना चूक झालीच तर लपवू नका. आम्हांला बोलता येत नाही. तुम्हांला येतं.