सातव्या पायरीचा फोटो

कड्याच्या पोटातल्या त्या बावीस पायऱ्या पाथरवटाने बारा वर्षं खपून एकट्याने कोरल्या होत्या. उद्या धरणाचे दरवाजे बंद झाले की त्या पाण्याखाली जाणार. आजवर ज्याने ज्याने फोटो काढला, त्याच्या फोटोत वर पांढरा कडा आणि खाली नुसतं काळं भोक.

"ताई, माझी बारा वर्षं त्या भोकात गेली बघ," तो थोरल्या बहिणीला म्हणाला. "झेपत नसेल तर आत्ताच सांग. पासपोर्टचे फोटो काढणारीला डोंगर काय जमणार!"

"डोंगर निदान मान हलवत नाही," ताई म्हणाली.

बोलली खरी, पण चुकायला जागा नव्हती. रोलवरच्या अकरा फ्रेम भावाच्या दोस्तांनी मिशांना पीळ देत खाऊन टाकल्या होत्या. उरली होती एक.

पाथरवटाची अकरा वर्षांची लेक, टिकली, उजेड मोजायचं मीटर न्याहाळत होती. "आत्या, हे काय सांगतं?"

"हे अगदी बिनडोक असतं बघ. कोळसा दाखव नाहीतर दूध दाखव, सगळं राखाडीच करायला निघतं. म्हणून त्याचं ऐकायचं, पण तसंच्या तसं मानायचं नाही. आधी सावलीतल्या पायऱ्या मोजायच्या. त्या आपल्याला गडद हव्यात, तर मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी उजेड द्यायचा. म्हणजे दोनदा निम्मा. त्याहून कमी दिला तर फिल्मवर काही उमटणारच नाही, आणि जे उमटलं नाही ते मागून देवालाही आणता येत नाही."

"आणि कडा?"

"त्याचा माज धुताना उतरवू. फिल्म औषधात जरा कमी वेळ ठेवायची."

आत्याने पायरीवर ओणवं होऊन मीटर धरलं. पाव सेकंद! कड्यावरचं ऊन सरकत होतं. ती लगबगीने कॅमेऱ्याकडे आली, दोनदा निम्मं करून आकडा लावला आणि बटणावर बोट ठेवलं.

"थांब, थांब! तू पायऱ्या मोजल्यास की स्वतःची सावली?"

"अगं, सावलीत कसली आलीय माझी सावली?"

"आभाळाचा उजेड येतो ना तिथे! तू वाकलीस आणि सगळा अडवलास. तू काही बारीक नाहीस, आत्या."

पाथरवट पोट धरून खाली बसला. आत्या परत गेली, अंग बाजूला घेऊन तिने पुन्हा मोजलं. सेकंदाचा पंधरावा भाग! मघाचाच आकडा ठेवला असता तर चौपट उजेड बसून कड्याचं पार पीठ झालं असतं. तिने साठावा भाग लावला आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी धरणाचे दरवाजे बंद झाले. दुपारी तिघं लाल दिव्याखाली ट्रेवर वाकले होते. कागदावर आधी पायऱ्या आल्या, छिन्नीच्या घावांसकट. मग कड्याच्या भेगाही उमटल्या.

पाथरवटाने नाक जवळजवळ औषधात बुडवलं. "सातवी वाकडी दिसते."

"आहेच वाकडी," ताई म्हणाली.

"भोकात कुणाला कळत नव्हती! ताई, खाली जरा काळं करून दे ना."

"का रे? इतकी वर्षं सरळ का नाही केलीस?"

त्याने टिकलीकडे बोट केलं. "ही झाल्याचा निरोप आला, तेव्हा तीच कोरत होतो. हात हलला."

"घ्या!" टिकली म्हणाली. "शेवटी दोष माझ्यावरच!"

पाथरवटाने लेकीकडे बघितलं, मग ट्रेमधल्या सातवीकडे. "राहू दे ताई," तो म्हणाला. "काळं करू नकोस."