करवंदपाड्याचं टाकं

यादव पगारे गुरुजींना करवंदपाड्याची लेणी काळूने दाखवली, ती १९७३ च्या उन्हाळ्यात. सुरगाणा तालुक्यातल्या त्या पाड्यावर गुरुजी एकशिक्षकी शाळेत होते आणि विशीतला काळू शाळेच्या शेजारी राहायचा. तो लाकडं आणायला डोंगरावर निघाला, म्हणून गुरुजी सोबत गेले. वर कड्यात तीन खोल्या कोरलेल्या होत्या, एकीत झिजलेला स्तूप होता आणि बाजूला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. गुरुजी बौद्ध घरातले. स्तूपावर हात ठेवून ते इतका वेळ उभे राहिले की काळूला वाटलं, यांना ऊन लागलं.

त्या वैशाखी पौर्णिमेला ते बायकोला, लताबाईंना, आणि नाशिकच्या वसाहतीतल्या दोन कुटुंबांना घेऊन आले. चौदा माणसं. काळूची आई सखुबाई टाक्यावर पाणी भरत होती. तिने जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. आपला तांब्या बुडवून हातात दिला आणि सगळे त्याला तोंड लावून प्याले. लताबाईंना रडू आलं. उन्हाळ्यात पाड्याला तेवढंच पाणी आहे हे गुरुजींना ठाऊक होतं, पण चौदा माणसं अशी किती पिणार?

दोन वर्षांनी गुरुजींची बदली नाशिकला झाली. त्यांनी लेण्यांवर एक छोटी पुस्तिका छापून घेतली, मागच्या पानावर रस्त्याचा नकाशा. पुढच्या पौर्णिमेला दोन जीपगाड्या भरल्या, मग ट्रक, मग तीन ट्रक. मनमाडहून, ठाण्याहून माणसं येऊ लागली. गुरुजींना अभिमान वाटायचा. १९८२ साली ते निघताना सखुबाई वाटेत थांबली होती.

"गुरुजी, टाक्यात चिखल उरला," ती म्हणाली. "पाऊस पडंपर्यंत आता घळीत उतरायचं. खाली झिऱ्यावर. घळ लय वाईट हाय."

"पुढच्या वर्षी मी बघतो, सखुबाई."

त्यांनी खरोखर बघायचं ठरवलं होतं. १९८३ च्या एप्रिलात त्यांनी वसाहतीच्या विहारात बैठक घेतली. नाशिकमधून दोनच ट्रक न्यावेत, प्रत्येकाने प्यायचं पाणी घरून आणावं, टाक्यावर अंघोळ आणि भांडी नकोत. बोलताना त्यांनी पाड्याची अवस्था सांगितली. माणसं माना डोलवत होती.

"बरोबर आहे, गर्दी फार व्हायला लागली," वसाहतीतल्या वत्सलाबाई म्हणाल्या. "ते ठाण्याचे लोक कमी यायला पाहिजेत."

"मग दोन ट्रकांत कोणी बसायचं नाही, ते ठरवू," गुरुजी म्हणाले.

एकही नाव पुढे आलं नाही. शेवटी भिमाजी उठला. तो पहिल्या चौदा माणसांतलाच, गिरणीत कामगार, गुरुजींपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि ट्रक ठरवण्यापासून जेवणापर्यंत सगळं तोच बघायचा.

"गुरुजी, माझ्या बापानं गावच्या आडाला हात लावला म्हणून त्याचा हात मोडला. तो हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. आपल्या लोकांनी खोदलेल्या टाक्यावर मी पोरांना नेतो, ते पाण्यात खेळतात, मला बरं वाटतं. आणि तुम्ही, आपलाच माणूस, सांगता पाण्यापासून लांब बसा?"

टाळ्या पडल्या. भिमाजीचं खोटं नव्हतं, आणि सखुबाईचंही नव्हतं. दोन्ही एका वाक्यात कसं सांगायचं ते गुरुजींना सुचेना. घरी जाताना लताबाई म्हणाल्या, "आपण आधी बघितलं, म्हणून आता बाकीच्यांनी येऊ नये, असंच लोकांना वाटणार."

पौर्णिमेला नाशिकचेच नऊ ट्रक गेले. गुरुजींनी घरून पाण्याचे दोन डबे नेले आणि ते टाक्याजवळ उभे राहिले. येणाऱ्याला हात जोडून सांगत होते. लोक वाईट नव्हते. ठाण्याच्या एका कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मर्यादा पाहिजेच," तो म्हणाला. "सरकारनं घालायला पाहिजे. पण आम्ही एवढ्या लांबून आलोय, गुरुजी. आमच्या एका बादलीनं काय होणार आहे?"

त्याने बादली भरली. त्याच्यामागे दुसरा होता. पोरांनी उड्या मारल्या, बायकांनी तपेली धुतली आणि दुपारी बादलीचा तळ टाक्याच्या खडकावर घासायला लागला. पाड्यातल्या बायका रिकामे हंडे घेऊन कड्याखाली बसल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी तालुक्याला टँकरसाठी अर्ज दिला आणि बाराव्या दिवशी एसटीने पुन्हा पाड्यावर गेले. काळू अंगणात बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"आय गेली," तो म्हणाला. "घळीतून हंडा घेऊन वर येत व्हती. धोंडा सुटला पायाखालचा. आम्ही गेलो तवा जीव व्हता. डोलीत घातली, रस्त्यापर्यंत नाय पोचली."

काळूने गुरुजींना बोल लावला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

नाशिकला येऊन ते थेट भिमाजीच्या घरी गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. भिमाजी जेवत होता. त्याने ताट सरकवलं. त्याने विचारलं, "तीच का, तांब्या देणारी?"

"तीच."

भिमाजीने हात धुतले नाहीत. तसाच भिंतीला टेकून बसून राहिला.

पुढच्या वर्षी त्याने नाशिकचे दोनच ट्रक नेले आणि त्यांत पाण्याची पिंपं भरली. गुरुजी सोबत होते. वर पोचले तेव्हा दुसऱ्या गावांच्या गाड्या आधीच लागल्या होत्या. पाड्यातल्या लोकांनी टाक्याला काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं होतं आणि काळू कुऱ्हाड खाली ठेवून पुढे बसला होता. कुंपण बघताच गर्दी भडकली. पाण्याभोवती काटे! भिमाजी दोन्ही हात पसरून आडवा झाला.

"अरे, ही आपल्याला अडवत नाहीत! यांना प्यायला नाही! आमच्या पिंपातलं घ्या!"

कोणीतरी ओरडलं, "विकला गेला हा!" भिमाजीला ढकललं, तो काट्यांत पडला. बाकीच्यांनी फांद्या उपटून दरीत टाकल्या. काळू कुऱ्हाड उचलून घराकडे निघून गेला. संध्याकाळी टाकं रिकामं होतं, पिंपंही.

त्यानंतर गुरुजी लेण्यांवर गेले नाहीत. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती त्यांनी बंबात घातल्या. तिकडे जाणाऱ्या गाड्या दर वर्षी वाढतच होत्या, वाट सगळ्यांना पाठ झाली होती.

१९८६ च्या मे महिन्यात एका लग्नाहून परतताना दिंडोरीजवळ त्यांची बस बिघडली. रस्त्यालगतच्या द्राक्षबागेत काही माणसं चर खोदत होती. त्यांत काळू होता. त्यानेच ओळख दिली.

"इकडं कधीपासून?" गुरुजींनी विचारलं.

"हे दुसरं वर्ष. होळी झाली की सगळा पाडाच उतरतो. पाऊस पडला की नागली पेरायला परत जातो."

"म्हातारी माणसं?"

"तीबी येतात. न्यावंच लागतं, पाणी नाय तर ठेवणार कुठं?" काळूने फावड्याला चिकटलेली माती पायाने काढली. "आता पुनवेला कोणाला अडवायला नाय लागत. तिथं आमचं कोणी नसतंच."

गुरुजींना माफी मागायची होती. पण मुकादमाने हाक मारली आणि काळू चरात उतरला. बस दुरुस्त व्हायला तासभर लागला. गुरुजी बांधावर उभे होते. काळूने वर पाहिलं नाही.