ब्रेकला वंगण

माझी गाडी गावात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. मारुतीच्या पारावरचे रिकामटेकडे म्हणायचे, "आली बघा जगदेवी किंचाळत." किंचाळायचा गाडीचा पुढचा ब्रेक, नाव मात्र माझं!

नवरा लातूरला कारखान्यात, त्याची मोटारसायकल घरी पडून होती. ती घेऊन मी रोज निलंग्याला जाते, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. लॅब आठला उघडते, आमच्या गावची एसटी दहाला येते. गाडी गेली की नोकरी गेली.

आणि मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाडी विकायचं ठरवलं होतं. "गाडीला बाईमाणूस सोसंना," म्हणाले. "रविवारी व्यंकटी येतोय. देऊन टाकू त्याला." व्यंकटी त्यांचा भाचा. त्यानं स्वतःची गाडी दोनदा नाल्यात घातली, तेव्हा गाडीला पुरुष सोसत नाही असं कुणी म्हणालं नाही. मला राग येतो तो याचाच.

निलंग्यात स्टँडसमोर बबलू मिस्त्री आहे. त्यानं आधी ब्रेकमध्ये बसलेली रस्त्याची धूळ साफ केली. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोंब. मग ब्रेकचे पॅड नवे बसवले. आठवड्यात पुन्हा तेच, वर ब्रेक लागेनासाच झाला. एकदा म्हैस आडवी आली, ती वाचली ते तिच्याच पुण्याईनं.

शुक्रवारी बबलूनं पॅड काढून नाकाशी धरला. "तेल लागलंय, भाभी. चेनला लई तेल घालता वाटतं."

"चेन मागं, हा ब्रेक पुढं. तेल काय उडी मारून येतंय?"

त्यानं पॅड माझ्यापुढं धरला. मीही वास घेतला. एरंडेल! आमच्या घरात एरंडेल एकच माणूस वापरतो. मी आणखी नवे पॅड विकत घेऊन पिशवीत टाकले आणि ते बसवायचे कसे, ते त्याच्याकडून नीट बघून घेतलं.

शनिवारी अर्धा तास आधी उठले. अंगणात मामा पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेले. हातात जुन्या बैलगाडीचं वंगणाचं नळकांडं. ब्रेकच्या चकतीला बोटानं तेल चोळणं चाललं होतं, तान्ह्या लेकराला चोळावं तसं.

"मामा, हे काय?"

"वंगण. चाक वरडलं की घालावं लागतंय. चाळीस वर्सं बैलगाडी हाकली म्या. रोज घालतोय, तरी वरडतंय. म्हंजे बाईमाणूसच सोसंना, दुसरं काय?"

त्यांच्या मनात खोट नव्हती, म्हणून तर जास्त संताप आला.

"बैलगाडीचं चाक फिरायला तेल लागतंय, मामा. ह्ये चाक थांबवायचं हाय. त्या दिवशी म्हशीच्या जागी लेकरू असतं तर?"

मामांनी नळकांडं तेवढं खाली ठेवलं.

रविवारी सकाळी मी चकती पेट्रोलनं पुसली, तेलकट पॅड फेकले, नवे बसवले. तेवढ्यात व्यंकटी आला. गाडी घेऊनच परतायचं म्हणून एसटीनं आलेला. मी गाडी चालू केली.

"मामा, बसा मागं."

व्यंकटी हसला. "मामा, बाईच्या मागं बसता?"

मामांनी त्याच्याकडं पाहिलं, मग चाकाकडं, आणि बसले.

उतारावरून मी गाडी सोडली ती थेट पारापर्यंत. तिथं करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मामांची टोपी पुढं सरकली. आवाज म्हणाल तर चूं नाही. पारावरची सगळी थोबाडं बंद!

व्यंकटी धापा टाकत पोचला. मामा खाली उतरले आणि सवयीनं हात पुढं केला. "किल्ली."

मी किल्ली मंगळसूत्राच्या सेफ्टी पिनेत अडकवली. "घ्या."

सुनेच्या गळ्याला सासऱ्यानं हात लावायची रीत आमच्या गावात नाही. मामांनी हात मागं घेतला आणि टोपी सरळ केली.

"व्यंकटी," ते म्हणाले, "तू एसटीनंच जा."