डाव्या कुशीवर

दिनानाथांनी वर्षभर नकारच दिला. राजोडीच्या बागेत केळीचे घड वाहून त्यांची कंबर गेली होती, डावा पाय पोटरीपर्यंत ठणकत होता. तुळिंजच्या वैद्य मेघनाताई म्हणाल्या, "काका, नुसत्या मालिशनं भागणार नाही. गुदद्वारातून तेल आणि काढा द्यावा लागेल. बस्ती म्हणतात त्याला. रोज एक, अशा पंधरा."

"त्या वाटेनं औषध? त्यापेक्षा लंगडत मरेन."

मग एका सकाळी त्यांना संडासातून उठताच येईना. सून आर्याला दार ढकलून आत यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते आपणहून दवाखान्यात आले.

बस्ती द्यायचं काम क्लेमेंटीनकडे होतं. पन्नाशीची, कमी बोलणारी. "डाव्या कुशीवर वळा, काका. उजवा गुडघा पोटाशी घ्या. तोंडानं श्वास सोडा." पहिल्या दिवशी दिनानाथांनी डोळे गच्च मिटून घेतले. चौथ्या दिवशी ते तिच्याशी बागेबद्दल बोलू लागले. आठव्या दिवशी काठीशिवाय जिना चढले.

त्याच दिवशी मुलगा सुजयला हे नाक्यावर कळलं. "तुझ्या बापाला बाई मागून औषध भरते म्हणे," मित्र हसला. सुजयनं त्याचं नाक फोडलं, गाडीतला लोखंडी रॉड उचलला आणि थेट तुळिंज गाठलं.

क्लेमेंटीननं नुकताच काढा देऊन नळी काढली होती. सुजयनं लाथ घालून दार उघडलं, तिचे केस धरले आणि डोकं कपाटावर आपटलं. काच फुटली. ती खाली कोसळली, कपाळ फाटून डोळ्यांत रक्त उतरलं. त्यानं रॉड उगारला.

दिनानाथ चादर गुंडाळून मध्ये आले. रॉड त्यांच्या उजव्या मनगटावर बसला, हाड मोडलं. त्यांनी डाव्या हातानं मुलाला भिंतीवर ढकललं, खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि ठोसे घालत सुटले. तोंडावर, कानावर, पुन्हा तोंडावर. काढा पायांवरून वाहत होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

"काका, मरेल तो!" मेघनाताई ओरडल्या.

सुजय रक्त थुंकत म्हणाला, "मी लहान होतो तेव्हाही असाच मारायचास, बाबा."

दिनानाथांची मूठ हवेतच थांबली. ते बाजूला झाले आणि फरशीवर बसून राहिले. पोलीस आले तेव्हा तक्रार त्यांनीच दिली. मुलावर. स्वतः त्याला किती मारलं, तेही लपवलं नाही.

क्लेमेंटीनला नऊ टाके पडले. महिन्याभरानं दिनानाथ प्लास्टर घातलेल्या हातानं आले. ती कामावर होती, पण त्यांना पाहून भिंतीला टेकली.

"उरलेल्या सात बस्त्या घ्यायच्या आहेत," ते म्हणाले. "तुला नको असेल तर परत जातो. मारायला त्याला मीच शिकवलं, पोरी."

तिनं टेबलावर धुतलेली चादर अंथरली. मग हातमोजे चढवले. "झोपा."

मोडका हात सांभाळत दिनानाथ वळले. तिचे हात थरथरत होते. ती थरथर थांबेपर्यंत दिनानाथ हलले नाहीत.