टोपीखालची जागा

थेरन गॅडिस बास्केटबॉल खेळायला लागला की त्याला आवाज ऐकू येईनासा व्हायचा. अख्खं सभागृह ओरडत असायचं, पण त्याच्या कानांवर मऊ बर्फ साचल्यासारखी शांतता उतरायची, आणि त्या शांततेत बाकीचे खेळाडू पाण्याखालून चालल्यासारखे सावकाश हलताना दिसायचे. मग चेंडू कुणाला द्यायचा हे त्याला ठरवावं लागत नसे. हात आपले आपण देऊन मोकळे व्हायचे. बहुतेक वेळा तो चेंडू कॉर्नेल ब्रॅचरकडे जायचा. कॉर्नेल तिथे असणार हे थेरनला दिसत नसे, नुसतं ठाऊक असे.

ईरी सरोवराच्या काठच्या त्या शहरात दोघं हेरन्स, म्हणजे बगळे, या नावाच्या संघाकडून खेळत. थेरन तिथलाच. त्याचे वडील सरोवराच्या तळाखालच्या मिठाच्या खाणीत उतरत, आणि खाण होती हॅल्स्टेड घराण्याची. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून शहरभर रस्त्यांवर जे मीठ पडे, तेही हॅल्स्टेडांचंच. त्याच घरातल्या प्रेंटिस हॅल्स्टेडने पुढे हेरन्स विकत घेतले तेव्हा थेरनची आई म्हणाली होती, "बापानं त्यांचं मीठ काढलं, आता लेक त्यांचा चेंडू उडवणार." तिला त्याचं भारी कौतुक वाटत होतं.

थेरनचा करार संपला त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या प्रेंटिस हॅल्स्टेडने त्याला टेकडीवरच्या घरी न्याहारीला बोलावलं. जुलैची सकाळ होती, तरी खाली सरोवरावर धुकं उतरलं होतं आणि व्हरांड्यातून बघताना शहर बुडून गेल्यासारखं वाटत होतं. एखादं चर्चचं टोक तेवढं वर. टेबलावर स्ट्रॉबेरी होत्या, टोस्ट होता. हॅल्स्टेड स्वतः कॉफी ओतत होता.

"टोपीचं तुला काही मी सांगायला नको, मुला," तो म्हणाला.

टोपी म्हणजे सॅलरी कॅप. एका संघाने आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला किती पगार द्यायचा, याची लीगने घातलेली मर्यादा. खेळाडू तिला नुसतं टोपी म्हणत, आणि बोलताना तोंड वाकडं करत.

"तू तुझ्या लायकीचा पगार मागितलास तर तो मला द्यावाच लागेल," हॅल्स्टेड म्हणाला. "पण मग टोपीखाली कॉर्नेलला जागा उरत नाही. तू निम्म्यावर आलास तर कॉर्नेल राहतो, वर मला एक चांगला उंच माणूसही आणता येतो. मग या गावाला अजिंक्यपद मिळेल. माझ्या डोळ्यांदेखत. माझे किती दिवस राहिलेत?"

थेरनच्या मनात आलं, विचारावं, यात तुम्ही काय सोडणार? पण धुकं हळूहळू वर सरकत होतं, आणि कॉर्नेलशिवाय खेळायचं म्हणजे काय हे त्याला डोळ्यांपुढे आणता येईना. त्याने मान डोलावली. हॅल्स्टेडने हात पुढे केला. "शब्द देतो."

घरी ओडेसाने, त्याच्या बायकोने, पहिला प्रश्न विचारला. "लिहून दिलंय?"

"हात दिलाय."

"हात काय, सामना संपल्यावर तू हरलेल्यांनाही देतोस," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिने विषय सोडून दिला. ती चर्चमधल्या गायकांना शिकवायची. कुणाचा सूर कधी टोकायचा आणि कधी नाही, हे तिला कळत होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी बर्फ इतका पडत होता की खिडकीबाहेर जगच नव्हतं. कॉर्नेलचा फोन आला.

"लेका, मला विकलं."

"काय?"

"सिएटलला. पॅनकेक खात होतो. पाक ओततोय तेवढ्यात फोन. संध्याकाळचं विमान आहे म्हणे. पॅनकेकसुद्धा संपवू दिला नाही रे त्यांनी."

"त्यांनी मला शब्द दिला होता, कॉर्न."

"टोपी घातली तुला," कॉर्नेल म्हणाला. "मी त्याच टोपीखाली मावावं म्हणून पगार सोडलास ना? तीच उचलून तुझ्या डोक्यावर ठेवली."

थेरन गाडी काढून टेकडीवर गेला. हॅल्स्टेड पुन्हा न्याहारीलाच बसला होता. त्याने आणखी एक बशी मागवली.

"धंदा आहे, मुला. कॉर्नेलचा गुडघा बघतोस ना तू? पुढच्या वर्षी मी त्याचं काय करू?"

"मी त्याच्यासाठी निम्म्यावर आलो होतो."

"तुझ्या करारात असं कुठे म्हटलंय?" हॅल्स्टेड हे रागाने बोलला नाही. उलट जरा वाईट वाटल्यासारखं बोलला आणि मुरंब्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

तो उंच माणूस कधी आलाच नाही. थेरनने सोडलेली टोपीखालची जागा तशीच रिकामी राहिली, आणि पैसा जिथे होता तिथेच, टेकडीवर राहिला. हेरन्स हरत गेले. आणि थेरनला खेळताना आवाज ऐकू यायला लागले. शेंगदाणे विकणाऱ्याचा, कुणाच्या तरी खोकल्याचा, स्वतःच्या बुटांचा. एकदा त्याने न बघता चेंडू दिला तो थेट छायाचित्रकारांच्या रांगेत गेला. लोक हसले. तेही त्याला ऐकू आलं.

त्या वर्षी मालक आणि खेळाडू यांच्यातला जुना करार संपला. मालकांना टोपी आणखी खाली ओढायची होती. खेळाडूंच्या संघटनेने नाही म्हटलं, तेव्हा मालकांनी टाळेबंदी केली. सभागृहांना कुलपं लागली. सराव बंद, पगार बंद, संघाच्या डॉक्टरकडे जायचीसुद्धा मनाई. संघटनेच्या बैठकीत थेरन कधी तोंड उघडत नसे, पण हेरन्सच्या पोरांनी या वेळी त्यालाच प्रतिनिधी केलं. "तुला एकदा चांगलंच भाजलंय," एक जण म्हणाला, "तू आता फुंकून पिशील."

न्यूयॉर्कला एका हॉटेलात लांबच लांब टेबल मांडलं होतं. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला पाय कुठे ठेवावेत हे न कळणारे खेळाडू. वकील बोलत होते. त्यांचा आवाज दुरून येणाऱ्या बोटीच्या इंजिनासारखा एकसुरी चालू होता आणि थेरनचे डोळे मिटत होते. त्या गुंगीतच त्याला आपलाच आवाज ऐकू आला.

"माझ्या पगाराला टोपी आहे. संघ विकाल तेव्हा तुम्हाला जी किंमत येते, तिला टोपी केवढी?"

इंजिन थांबलं. टेबलाच्या टोकाला हॅल्स्टेड होता. तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. मग एक वकील म्हणाला, "हा आजचा विषय नाही." आणि इंजिन पुन्हा सुरू झालं.

शरद ऋतू संपत आला तरी कुलपं निघाली नव्हती. तेव्हा ओडेसा म्हणाली, "सेंट कॅसिमिरच्या शाळेत हॉल आहे. तुम्हाला खेळायला कुणाच्या बापाची परवानगी लागते?"

लागत होती, असं निघालं. हॅल्स्टेडच्या वकिलाचा फोन आला. संघाचं नाव वापरायचं नाही, निळा रंग वापरायचा नाही, बगळ्याचं चित्र तर मुळीच नाही. ओडेसाने सगळ्यांसाठी साधे पांढरे बनियन आणले. त्यांच्यावर ना नाव होतं, ना आकडा.

"ओळखणार कसं आपल्याला?" एका नव्या खेळाडूने विचारलं.

"तुला बनियन घालूनही कुणी ओळखत नाही, नि न घालताही," कॉर्नेल म्हणाला. तो सिएटलहून स्वतःच्या खर्चाने आला होता, आणि आल्या आल्या चर्चच्या पोलिश बायकांनी मांडलेल्या पिएरोगींच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांच्या, टेबलाशी जाऊन बसला होता. "थेरन, या मावशी मला जावई करून घेतायत. मी काही परत जात नाही."

रविवारची दुपार होती. चर्च सुटलं आणि लोक तसेच आले. ठेवणीतल्या कोटांत, कडेवर पोरं घेऊन. बाकं भरली, मग पायऱ्या भरल्या, मग लोक रेषेला पाय लावून जमिनीवर बसले. आत इतकं उकडायला लागलं की पाद्रीबाबांनी मागचा मोठा दरवाजा उघडायला लावला. शाळेच्या मागेच सरोवर. गार हवा आत आली आणि तिच्यामागोमाग धुकं आलं. ते जमिनीलगत पसरत गेलं, खेळणाऱ्यांच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं आणि तिथेच तरंगत राहिलं. बुटांखालची जमीन दिसेना. चेंडू धुक्यात बुडायचा आणि पुन्हा हातात यायचा.

सामना थांबवावा का, असं कुणीतरी विचारलं. चेंडू तोवर पुढे गेलाही होता.

आणि मग थेरनच्या कानांवर ती शांतता उतरली. अगदी अलगद. त्याला वाटलं, आपण झोपेत आहोत आणि कुणी उठवू नये. पांढऱ्या बनियनांतली माणसं ढगावरून चालत होती. त्याने मान न वळवता चेंडू मागे सोडला. तिथे कॉर्नेल होता. पुन्हा सोडला, पुन्हा होता. किती वेळ हे चाललं कुणास ठाऊक. गुण मोजणारी बाईसुद्धा हातातला खडू विसरून बघत राहिली होती, असं नंतर कळलं. त्यामुळे कोण जिंकलं हे आजही त्या गावात नक्की कुणी सांगू शकत नाही.

सामना संपल्यावर तिसऱ्या बाकावर त्याला हॅल्स्टेड दिसला. मांडीवर कागदी बशी, बशीत अर्धा पिएरोगी.

"तिकीट काढलंत?" थेरनने विचारलं.

"काढलं तर. दारातल्या मुलीनं मला ओळखलं नाही." म्हाताऱ्याला त्यात मजा वाटली होती. "मी नेहमी वर काचेच्या खोलीत बसतो ना. इतक्या जवळून मी तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं. तुमचा श्वास ऐकू येतो." मग तो कॉर्नेलकडे बघत राहिला. कॉर्नेल पोरांच्या घोळक्यात उभा होता. "मी काय विकलं ते मला आज दिसलं, मुला."

थेरनने म्हाताऱ्याला हात देऊन बाकावरून उठवलं आणि गाडीपर्यंत नेऊन सोडलं.

डिसेंबरात तडजोड झाली. टोपी राहिली. खेळाडूंचा वाटा थोडा घटला. तळाच्या खेळाडूंचा पगार मात्र वाढला. थेरनने हो म्हणून मत दिलं, कारण नव्या पोरांपैकी काही जण घरी परतून मामाच्या गॅरेजात कामाला लागले होते. आणखी ताणलं असतं तर तेच आधी तुटले असते. त्याला हे गोड वाटलं नाही, पण त्याने ते लपवलंही नाही.

कुलपं निघाली त्याच दिवशी त्याला संघाच्या कचेरीतून कळवण्यात आलं. तुम्हाला सिएटलला पाठवलं आहे.

पाठोपाठ कॉर्नेलचा फोन. तो नुसता ओरडत होता. "अरे, म्हातारा पाघळला! तुला माझ्याकडे पाठवलंय! थेरन? ऐकतोयस ना?"

थेरन ऐकत होता. त्याला आनंद झाला होता, अगदी छाती भरून. मग त्याने ओडेसाकडे पाहिलं. ती पियानोशी बसून नाताळच्या गाण्यांची पानं लावत होती. गल्लीच्या टोकाला त्याची आई राहत होती. तिला आता जिने चढवत नव्हते. आनंद होता तसाच राहिला, पण त्याच्याखालची जमीन दिसेनाशी झाली.

त्याने हॅल्स्टेडला फोन लावला.

"तुला आवडेल असं वाटलं मला," म्हातारा म्हणाला.

"आवडलंच."

"मग?"

"विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास."

"बहुतेक म्हणालो असतो."

"मग फरक काय पडला?" हॅल्स्टेडला खरंच कळत नव्हतं. त्याच्या आवाजात कावा नव्हता, आणि थेरनला त्याचंच जास्त वाईट वाटलं. खिडकीबाहेर सरोवर काठाकाठाने गोठायला लागलं होतं.

"मी तिकडे जात नाही, मिस्टर हॅल्स्टेड. तुमच्याकडेही येत नाही. मी खेळणं थांबवतो."

"करार मोडेल. उरलेला पगार जाईल."

"जाईल."

"असं कसं करता येईल तुला?"

"एवढंच येतं," थेरन म्हणाला. "बाकी सगळं तुमच्याकडे आहे."

मग त्याने कॉर्नेलला फोन करून सगळं सांगितलं. कॉर्नेल म्हणाला, "गाढवा, मी तुझ्यासाठी पाहुण्यांची खोली रंगवायला काढली इकडे."

"कुठला रंग?"

"पिवळा. फार भयानक दिसतोय."

थेरन हसायला लागला. हसता हसता त्याला रडू आलं, आणि पलीकडे कॉर्नेलचाही आवाज फुटला. दोघांनी फोन ठेवला नाही. ओडेसाने पियानोवर एक सूर धरला, मग त्याच्या शेजारचा.

दुसऱ्या दिवशी सरावाला जायचं नव्हतं. थेरन उशिरापर्यंत झोपला. लहानपणापासून तो इतका कधी झोपला नव्हता. जाग आली तेव्हा खोलीभर बाहेरच्या बर्फाचा उजेड होता, छतावर, पांघरुणावर, त्याच्या भल्यामोठ्या हातांवर. ओडेसा स्वयंपाकघरात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. आपल्याला उठायला हवं, असं त्याला वाटलं. मग तो कुशीवर वळला आणि थोडा वेळ तसाच पडून राहिला.