इंजेक्शनावर घेतलेल्या सळ्या

करावे गावच्या कुंदनने चाळिशी गाठली; पोट पुढे आलं, अक्कल तेवढी यायची राहिली. जिमवाल्या रणजीतने त्याला ज्ञान दिलं, की मोठे सौदे माणूस जिंकत नाही, त्याच्यातलं टेस्टोस्टेरॉन जिंकतं. दर शुक्रवारी एक सुई, बस्स! तिसऱ्याच सुईला कुंदनचा आवाज जाड झाला, निदान त्याच्या मते तरी. बायकोला, निशिगंधाला, काही विचारणं त्याने सोडून दिलं.

आई भागीरथीच्या नावावर साडेबारा टक्क्यांचा प्लॉट होता, सरकारने शेती घेऊन बदल्यात दिलेला. पाचव्या सुईनंतर कुंदनने तिला गळ घालून त्यातला अर्धा विकला आणि कळंबोलीच्या बाजारातून चाळीस ट्रक लोखंडी सळ्या उचलल्या. भाव चढणार हे त्याला छातीत जाणवत होतं. बाजाराला मात्र कुणी कळवलं नव्हतं. भाव आपटला. गोदामाचं भाडं तेवढं इमानेइतबारे चढत राहिलं.

आता तोटा भरायला उरलेला अर्धा विकायचा, तर आईची सही हवी. तेव्हा कुंदनला साक्षात्कार झाला: चूक त्याची नव्हतीच!

"आये, मी नाय केला, त्या सुईनं केला. डॉक्टरला इचार."

भागीरथीने शांतपणे ऐकलं. "रिपोर्टात तसा निंगाला तं सही करीन. आजारी पोराला कसा सोडू? पन नाय निंगाला, तं प्लॉटचा कारभार निशिगंधाचा."

कुंदनने रक्त दिलं, उरलेली औषधाची बाटलीही तपासायला दिली आणि आकडा भरमसाट यावा म्हणून गावदेवीला नारळ बोलला.

चार दिवसांनी मायलेक डॉक्टरांसमोर बसले.

"टेस्टोस्टेरॉन कमीच आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. "आणि बाटलीत निव्वळ तिळाचं तेल निघालं. त्याने कुणी सळ्या घेत नाही."

"नीट बघा ना डॉक्टर!" कुंदन रडकुंडीला आला. "एवढी हिंमत माझी असूच शकत नाही!"

भागीरथीला खरोखर वाईट वाटलं. पोरगा आजारी निघावा, अशी तिचीही आशा होती.

"आजार असता तं औषद केला असता रं," ती म्हणाली. "फोन लाव निशिगंधाला."